तेल व वायू उत्पादनातील ऊर्जाव्यय व खर्चमापन

तेल व वायू उत्पादनातील ऊर्जाव्यय व खर्चमापन : भूगर्भातील खनिज तेल व नैसर्गिक वायू शोधणे, विहिरी खणणे, ते पृष्ठभागावर आणणे व वापरण्याजोगे करणे यांसाठी लागणारी ऊर्जा व पैसा मोजण्याच्या पद्धतींचा समावेश या विषयात होतो. खनिज तेल हे ऊर्जेचे साधन असले, तरी ते मिळविण्यासाठीही ऊर्जा खर्च करावी लागते. त्यामुळे एखाद्या तेलक्षेत्राची खरी देणगी त्याच्या एकूण उत्पादनावरून कळत नाही. उत्पादनातून त्यासाठी खर्ची पडलेली ऊर्जा वजा केल्यावर उरणारी निव्वळ ऊर्जा हीच समाजाच्या उपयोगी पडते. पैशातील हिशेब उत्पादकाला फायदा होतो की नाही हे सांगतो, तर ऊर्जेतील हिशेब समाजाला किती ऊर्जा मिळते हे सांगतो. हे दोन्ही हिशेब पुष्कळदा एकाच निष्कर्षाप्रत येतात. परंतु ते नेहमीच जुळतात असे नाही.

एकके : कच्च्या तेलाचे आकारमान व्यापारात बॅरल (पिंप) या एककात मोजतात. १ बॅरल म्हणजे ४२ अमेरिकन गॅलन किंवा सु. १५९ लिटर होय. एक बॅरल सर्वसाधारण कच्चे तेल जाळल्यास सु. ६.१ गिगाजूल (१ गिगाजूल = १०० कोटी जूल) उष्णता मिळते. एक टन तेलापासून मिळणारी उष्णता सु. ४२ गिगाजूल, तर १ घ. मी. नैसर्गिक वायूपासून मिळणारी उष्णता सु. ३८ मेगाजूल (१ मेगाजूल = १० लक्ष जूल) असते. तेल व वायू एकाच विहिरीतून निघत असल्याने दोहोंची बेरीज करण्यासाठी ‘तेल-सममूल्य बॅरल’ हे एकक वापरतात. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत हिशेबासाठी ६,००० घ. फुट (सु. १७० घ. मी.) वायू एका बॅरल तेलाबरोबर धरण्याचा प्रघात आहे. ही तुल्यता केवळ उष्णतेपुरती आहे. बाजारात तेवढ्या वायूची किंमत एका बॅरल तेलाइतकी असेलच असे नाही. किंबहुना ती अनेक वेळा बरीच कमी असते. म्हणून सममूल्य एककात दिलेला ‘प्रतिबॅरल खर्च’ वाचताना उत्पादनात तेल किती व वायू किती, हे पाहणे आवश्यक ठरते.

ऊर्जा कोठे खर्च होते : तेलक्षेत्राच्या आरंभीच्या काळात थरातील नैसर्गिक दाबामुळेच तेल आपोआप वर येते. दाब उतरल्यावर पंप बसवावे लागतात किंवा विहिरीच्या नळीत दाबाखाली वायू सोडून तेलाचा स्तंभ हलका करावा लागतो. केवळ तेल उचलण्याचे कार्य मात्र फारसे नसते. एक टन तेल २,००० मी. खोलीवरून उचलण्यास सैद्धांतिक दृष्ट्या सु. २० मेगाजूल ऊर्जा पुरते. तेलाच्या उष्णतेशी तुलना करता हे प्रमाण ०.०५ टक्क्याहूनही कमी आहे.

ऊर्जाव्यय वाढतो तो मुख्यतः तेलाबरोबर येणाऱ्या पाण्यामुळे. समजा, एखाद्या जुन्या विहिरीतून येणाऱ्या द्रवात ९५% पाणी आहे. तेथे एक टन तेलासाठी २० टन द्रव उचलावा लागेल व त्याला सु. ३९० मेगाजूल कार्य लागेल. पंप, मोटर इत्यादींची एकत्रित कार्यक्षमता ४०% धरल्यास सु. ९८० मेगाजूल वीज लागेल आणि ही वीज इंधनापासून निर्माण करण्यास तिच्या तिप्पट म्हणजे सु. २.९ गिगाजूल उष्णता खर्च होईल. हे प्रमाण त्या टनभर तेलातील उष्णतेच्या ७% होते. पाण्याचे प्रमाण ९९ टक्क्यांवर गेल्यास याच हिशेबाने सु. १५ गिगाजूल उष्णता लागेल. वर आलेले पाणी सु. १०० वातावरण दाबाने पुन्हा जमिनीत सोडावयाचे असेल, तर आणखी सु. ५ गिगाजूल लागतील. म्हणजे टनभर तेलातील जवळजवळ निम्मी ऊर्जा ते काढण्यातच संपेल. पाण्याचे प्रमाण ९५ वरून ९९ टक्क्यांवर जाणे हा आकड्यात लहान दिसणारा फरक प्रत्यक्षात पाचपट ओझ्याचा असतो, हे यावरून स्पष्ट होते.

याखेरीज थरातील दाब टिकविण्यासाठी पाणी किंवा वायू सोडणे, वायू नळमार्गात ढकलण्यासाठी दाबणे, तेलातून पाणी व क्षार वेगळे करण्यासाठी तापविणे, वायूतील हायड्रोजन सल्फाइड व कार्बन डाय-ऑक्साइड काढणे या क्रियांना ऊर्जा लागते. वेधनयंत्रांचे डीझेल हा प्रत्यक्ष खर्च होय. तर विहिरीचे पोलादी अस्तर, सिमेंट, समुद्रातील मंच आणि रसायने तयार करताना कारखान्यांत खर्च झालेली ऊर्जा हा अप्रत्यक्ष खर्च होय.

तेलाबरोबर निघालेला वायू वाहून नेण्याची सोय नसल्यास तो जागच्या जागी ज्योतीत जाळून टाकतात. यातून काहीच कार्य घडत नाही, म्हणून त्याची गणना व्ययात न करता नाशात करतात. जागतिक बँकेच्या अंदाजानुसार २०२३ मध्ये जगभर सु. १४८ अब्ज घ. मी. वायू अशा रीतीने जाळला गेला. वर दिलेल्या उष्णतामूल्याने हिशेब केल्यास ही ऊर्जा सु. ९० कोटी बॅरल तेलाइतकी भरते.

ऊर्जा-परतावा गुणोत्तर : मिळालेल्या ऊर्जेस ती मिळविण्यासाठी खर्च झालेल्या ऊर्जेने भागले असता येणाऱ्या संख्येस ऊर्जा-परतावा गुणोत्तर म्हणतात. हे गुणोत्तर २० असेल, तर एक एकक ऊर्जा खर्चून २० एकके मिळतात. म्हणजे एकूण उत्पादनातील ५% ऊर्जा परत उत्पादनाकडे जाते व ९५% समाजाला उरते. गुणोत्तर ५० असताना ९८%, १० असताना ९०%, ५ असताना ८०%, तर २ असताना केवळ ५०% ऊर्जा उरते. यातून एक महत्त्वाची गोष्ट लक्षात येते. गुणोत्तर ५० वरून २५ वर आले, तरी समाजाच्या वाट्यात अवघा २ टक्क्यांचा फरक पडतो व तो कोणाच्या ध्यानातही येत नाही. मात्र ते ५ वरून २.५ वर आले, तर वाटा ८० वरून ६० टक्क्यांवर घसरतो. आरंभीची दीर्घकाळ चाललेली घट निरुपद्रवी भासते आणि अखेरची घट अचानक जाणवते, याचे कारण हेच होय.

हिशेबाच्या सीमा : गुणोत्तराचे मूल्य हिशेबाची सीमा कोठे आखली यावर अवलंबून असते. सीमा विहिरीच्या मुखाशी आखल्यास गुणोत्तर मोठे येते. शुद्धीकरण व वाहतूक यांचा खर्च धरून ती ग्राहकाच्या दाराशी आखल्यास ते लक्षणीय कमी होते. म्हणून निरनिराळ्या सीमांनी काढलेल्या आकड्यांची परस्परांशी तुलना करणे अयोग्य ठरते.

दुसरा प्रश्न क्षेत्रातच वापरल्या जाणाऱ्या इंधनाचा आहे. अनेक सागरी मंचांवर विहिरीतील वायूवरच टरबाइने चालवितात. ही ऊर्जा बाहेरून विकत आणलेली नसते. म्हणून ती पैशाच्या हिशेबात पुष्कळदा दिसत नाही. यास्तव दोन गुणोत्तरे काढतात. एकात सर्व खर्च, मग तो क्षेत्रातील इंधनाचा असो वा बाहेरच्या, धरला जातो. दुसऱ्यात केवळ बाहेरून आणलेली ऊर्जा धरली जाते. पहिले गुणोत्तर साठ्याचा किती भाग कामी आला हे दर्शविते, तर दुसरे समाजाने आपल्या पदरची किती ऊर्जा घातली हे दर्शविते. गुजरातमधील मेहसाणा भागातील बालोल व संथाल या जड तेलाच्या क्षेत्रांत थरामध्ये हवा सोडून तेथील तेलाचा काही भाग भूगर्भातच जाळतात. त्या उष्णतेने उरलेले घट्ट तेल पातळ होऊन वाहू लागते. येथे बाहेरची ऊर्जा मुख्यत्वे हवा दाबण्यासाठी लागते. थरात जळालेले तेल पहिल्या गुणोत्तरात धरावे की नाही, याविषयी आधी निर्णय करावा लागतो. अन्यथा एकाच क्षेत्राचे दोन अगदी भिन्न आकडे निघतात.

कॅनडातील ॲल्बर्टा प्रांतातील तेलवाळूचे उदाहरण बोधप्रद आहे. तेथील खोल थरांतील बिट्युमेन वाफेने तापवून काढतात. एक घ. मी. बिट्युमेनसाठी साधारणतः ३ टन वाफ लागते असे मानल्यास व एक टन वाफ तयार करण्यास सु. २.८ गिगाजूल उष्णता लागते हे लक्षात घेतल्यास, वाफेसाठीच सु. ८.४ गिगाजूल खर्च होतात. एक घ. मी. बिट्युमेनमध्ये सु. ४२ गिगाजूल ऊर्जा असल्याने केवळ वाफेच्या हिशेबाने गुणोत्तर ५ च्या आसपास येते. कॅलिफोर्नियातील कर्न रिव्हर या १८९९ मध्ये सापडलेल्या क्षेत्रातही १९६० नंतरच्या दशकांत वाफेचा वापर झाला. जेथे वाफ व वीज यांचे एकत्र उत्पादन करतात, तेथे इंधनाचा कोणता भाग तेलाच्या खाती व कोणता विजेच्या खाती टाकावा, हा वाटणीचा प्रश्न उद्‌भवतो.

मापनपद्धती : ऊर्जाव्यय मोजण्याच्या दोन मुख्य पद्धती आहेत. प्रक्रिया-विश्लेषणात क्षेत्रावरील प्रत्येक यंत्राचे इंधन व वीज मापकांवरून नोंदतात आणि वापरलेल्या पोलाद, सिमेंट इ. मालाच्या वजनास त्या त्या मालाच्या प्रतिटन ऊर्जेने गुणतात. ही पद्धत अचूक असली, तरी मालाच्या मागचा माल शोधत जाताना साखळी कोठेतरी तोडावी लागते. दुसरी पद्धत व्हासिली लेऑन्तिएफ यांच्या आदान-प्रदान विश्लेषणावर आधारलेली आहे. तीत सर्व उद्योगांमधील देवघेवीच्या कोष्टकांवरून एक रुपया वा डॉलर खर्चामागे सरासरी किती ऊर्जा लागते हे काढतात व त्याने खर्चाच्या रकमेस गुणतात. या पद्धतीत काही सुटत नाही. परंतु सरासरी घेतल्याने विशिष्ट मालाचे वेगळेपण लोपते. प्रत्यक्षात दोहोंचा मेळ घालतात.

तेल व वायू उत्पादकांची आंतरराष्ट्रीय संघटना आपल्या सदस्यांच्या उत्पादनातील ऊर्जावापर प्रतिटन गिगाजूल या मापात प्रसिद्ध करते. अलीकडच्या दशकांत हा आकडा सु. १.५ गिगाजूलच्या जवळपास राहिला आहे. यात यंत्रसामग्रीत गुंतलेली अप्रत्यक्ष ऊर्जा नसते, हे ध्यानात ठेवले पाहिजे. वीज व उष्णता या ऊर्जा गुणवत्तेने समान नसल्यामुळे विजेची नोंद ती निर्माण करण्यास लागलेल्या उष्णतेत करावी की विजेच्याच मापात, हेही आरंभी ठरवावे लागते.

इतिहास : १९७३ च्या तेलसंकटाने या अभ्यासास चालना मिळाली. त्याच वर्षी अमेरिकन परिस्थितिवैज्ञानिक हॉवर्ड टी. ओडम यांनी निव्वळ ऊर्जेची कल्पना ठामपणे मांडली. १९७४ मध्ये स्वीडनमधील गुल्डस्मेडशिट्टान येथे भरलेल्या परिषदेत ऊर्जा-विश्लेषणाचे संकेत ठरविण्यात आले. त्याच वर्षी अमेरिकेच्या काँग्रेसने संमत केलेल्या अणुकेतर ऊर्जा-संशोधनविषयक अधिनियमात नव्या ऊर्जातंत्रांची निव्वळ ऊर्जा तपासण्याचे तत्त्व अंतर्भूत करण्यात आले.

चार्ल्स ए. एस. हॉल व कटलर जे. क्लीव्हलँड यांनी १९८१ मध्ये अमेरिकेतील तेलविहिरींच्या दुसऱ्या महायुद्धानंतरच्या आकडेवारीवरून असे दाखविले की, ज्या वर्षी अधिक फुट वेधन होते त्या वर्षी दर फुटामागे सापडणारे तेल कमी होते. किंमत वाढल्यावर घाईने खणलेल्या विहिरी तुलनेने निकृष्ट जागी पडतात, हे त्याचे एक कारण होय. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, हॉल यांचा सहभाग असलेल्या अभ्यासानुसार अमेरिकेतील तेल व वायू उत्पादनाचे ऊर्जा-परतावा गुणोत्तर १९१९ ते १९७२ या काळात सु. २० होते. वेधनाचा कळस झाला त्या १९८२ मध्ये ते सु. ८ पर्यंत उतरले, १९८६–२००२ या काळात सु. १७ वर आले व त्यानंतर सु. ११ पर्यंत घटले. अशा प्रकारे हे गुणोत्तर एकाच दिशेने बदलत नाही. साठ्यांची झीज ते खाली ओढते, तर तंत्रविद्येतील सुधारणा व वेधनातील संयम ते वर उचलतात.

खर्चाचे घटक : पैशातील खर्चाचे तीन मुख्य भाग पडतात. शोधखर्चात भूवैज्ञानिक सर्वेक्षण व कोरड्या ठरलेल्या विहिरींचा खर्च येतो. विकासखर्चात उत्पादक विहिरी, मंच व नळमार्ग यांचा समावेश होतो. उत्पादन चालू झाल्यावर वेतन, इंधन, दुरुस्ती, रसायने यांवर होणाऱ्या चालू खर्चास उचलखर्च म्हणतात. यांखेरीज क्षेत्र बंद करताना विहिरी बुजविणे व मंच काढून टाकणे यांसाठी तरतूद करावी लागते. निरनिराळ्या देशांतील उचलखर्चांत मोठी तफावत आढळते. सौदी अरेबियाच्या राष्ट्रीय तेल कंपनीने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या माहितीपत्रकात २०१८ चा सरासरी उचलखर्च दर सममूल्य बॅरलला सु. २.८ डॉलर दिला होता. अशा आकड्यात भांडवली खर्च व कर नसतात. म्हणून त्याची बाजारभावाशी थेट तुलना करता येत नाही.

कोरड्या विहिरींच्या खर्चाची नोंद करण्याच्या दोन रीती आहेत. एकीत हा खर्च त्याच वर्षाच्या नफ्यातून वजा करतात. दुसरीत तो भांडवलात मिळवून पुढील उत्पादनावर विभागतात. त्यामुळे सारखेच काम करणाऱ्या दोन कंपन्यांचे प्रतिबॅरल खर्च कागदावर भिन्न दिसू शकतात.

कालावधीचाही परिणाम मोठा असतो. समजा, ३,००० कोटी रुपये खर्चून विकसित केलेल्या क्षेत्रातून २० वर्षांत समप्रमाणात १० कोटी बॅरल तेल मिळणार आहे. सरळ भागाकाराने भांडवली खर्च बॅरलला ३०० रुपये येतो. परंतु पैसा आरंभीच गुंतला व तेल मात्र वीस वर्षे येत राहणार, हे लक्षात घेऊन दरसाल १०% वटावाचा दर लावल्यास तोच खर्च सु. ७०५ रुपये होतो. ऊर्जेच्या हिशेबात सामान्यतः असा वटाव धरीत नाहीत. आज खर्चलेला जूल व वीस वर्षांनी मिळणारा जूल सारखेच मानले जातात.

ऊर्जा व पैसा यांतील विसंगती : स्वामित्वशुल्क, उपकर व प्राप्तिकर यांमुळे पैशातील खर्च वाढतो, पण त्यांपायी ऊर्जा खर्च होत नाही. उलट, सवलतीच्या दराची वीज किंवा फुकट मिळणारा वायू वापरल्यास ऊर्जेचा मोठा व्यय पैशाच्या हिशेबात झाकला जातो. बाजारभाव ऊर्जेशी निगडित राहतोच असेही नाही. २० एप्रिल २०२० रोजी अमेरिकेतील वायदेबाजारात मे महिन्यात द्यावयाच्या तेलाचा भाव बॅरलला उणे ३७.६३ डॉलर झाला. साठवणुकीस जागा न उरल्याने विक्रेतेच पैसे देऊ लागले होते. त्या दिवशीही एका बॅरलमध्ये ६.१ गिगाजूलच ऊर्जा होती.

उत्पन्न चालू खर्चाइतके उतरले की विहिरीची आर्थिक मर्यादा येते व ती बंद करतात. ऊर्जा-परतावा गुणोत्तर १ होणे ही ऊर्जेची मर्यादा होय. सामान्यतः आर्थिक मर्यादा बरीच आधी गाठली जाते. तथापि विजेचा दर कृत्रिमरीत्या कमी ठेवल्यास हे अंतर घटते. पाण्याने भरलेल्या जुन्या विहिरी मग कागदावर फायद्यात चालतात. पण राष्ट्राच्या ऊर्जासंचयात त्यांची भर नाममात्र असते.

मुंबई हाय : भारतातील या सर्वांत मोठ्या तेलक्षेत्राच्या इतिहासात वरील बहुतेक टप्पे दिसतात. मुंबईच्या वायव्येस सु. १६० किमी. अंतरावरील हे क्षेत्र ‘सागर सम्राट’ या वेधननौकेच्या साहाय्याने १९७४ मध्ये सापडले व मे १९७६ मध्ये उत्पादन सुरू झाले. सागरी नळमार्गांनी तेल व वायू रायगड जिल्ह्यातील उरण येथे आणतात. थरातील दाब टिकविण्यासाठी १९८४ पासून पाणी सोडण्यात येऊ लागले. तेल उचलण्यासाठी दाबलेल्या वायूचाही वापर होतो. १९८० नंतरच्या दशकाच्या अखेरीस उत्पादन शिखरास पोहोचले व पुढे घटत गेले. २००० च्या सुमारास पुनर्विकासाचे काम हाती घेण्यात आले. पाणी सोडणे, वायू दाबणे व नव्या विहिरी खणणे या प्रत्येक उपायाने तेल वाढते किंवा घट मंदावते. त्याचबरोबर प्रत्येक टन तेलामागील ऊर्जा व खर्चही वाढतो. म्हणून अशा क्षेत्रात वाढीव खर्चाची तुलना एकूण उत्पादनाशी न करता त्या खर्चामुळे मिळालेल्या वाढीव उत्पादनाशीच करणे योग्य ठरते.

उपयोग व मर्यादा : नवे क्षेत्र विकसित करावे की जुन्यातून अधिक तेल काढावे, पंपांची जागा बदलावी की पाणी येणारे थर बंद करावेत, मंचावरील टरबाइनांऐवजी किनाऱ्यावरून वीज न्यावी काय, असे निर्णय घेण्यास ऊर्जामापन उपयोगी पडते. नॉर्वेने १९९१ मध्ये सागरी उत्पादनावर कार्बन-कर लावल्यावर तेथील मंचांवर जळणारा वायू पैशाच्या हिशेबातही दिसू लागला. २०१९ मध्ये उत्पादन सुरू झालेल्या योहान स्वेर्द्रुप या क्षेत्रास किनाऱ्यावरून वीज पुरविली जाते.

ऊर्जा-परतावा गुणोत्तरावरून तेलाच्या उपयुक्ततेचा संपूर्ण बोध होत नाही. द्रव इंधन वाहनात नेण्यास सोयीचे असल्याने काही वेळा वायूतील अधिक ऊर्जा खर्चून कमी ऊर्जेचे तेल मिळविणेही समाज पतकरतो. प्रदूषण, मानवी श्रम व अपघातांचा धोका यांचे मापन या गुणोत्तरात होत नाही. तथापि भारतासारख्या, गरजेच्या ८० टक्क्यांहून अधिक कच्चे तेल आयात करणाऱ्या देशात देशी उत्पादनाचा प्रत्येक टन मोलाचा मानला जात असताना, त्या टनामागे किती ऊर्जा वेचली गेली हे ठाऊक असणे तितकेच महत्त्वाचे आहे. उत्पादनाच्या वार्षिक आकड्यांशेजारी ऊर्जाव्ययाचे आकडेही ठेवले, तरच साठ्यातील घट वेळीच ओळखता येते.